‘यांच्या मनातलं मला सगळं कळतं!’

त्या दिवशी भरली वांगी केली होती. नवऱ्याला आवडतात म्हणून मुद्दाम. तो रात्री नऊला आला, टीव्हीसमोर ताट घेऊन बसला, जेवला आणि उठला. बरं नाही की वाईट नाही. झालं! ओट्यावर भांडी आदळली आणि पुढे चार दिवस अबोला.

ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका वहिनींची. पण मैत्रिणींनो, थोड्याफार फरकाने ती आपल्याही घरातली आहेच ना? वहिनींच्या लग्नाला चौदा वर्षं झालेली. अबोले वाढत गेले आणि एक दिवस त्या मुलीला घेऊन माहेरी गेल्या. तिथे धाकट्या बहिणीने हट्टाने समुपदेशक बाईंकडे नेलं.

बाईंनी कोण चूक, कोण बरोबर हे विचारलंच नाही. एक वही दिली. पानावर तीन रकाने. काय घडलं? तेव्हा माझ्या मनात काय आलं? याचा दुसरा काही अर्थ असू शकेल का?

पहिल्या रकान्यात वहिनींनी लिहिलं, ‘ते न बोलता जेवले.’ दुसऱ्यात, ‘यांना माझी किंमतच नाही. कधीच नव्हती.’ तिसरा रकाना मात्र कितीतरी वेळ कोराच राहिला.

या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, थोडक्यात सीबीटी म्हणतात. विचार आणि वागणं, दोन्हींवर काम करणारा हा उपचार अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसाठी विकसित केला. पुढे १९८८ मध्ये त्यांनी खास पती-पत्नींसाठी पुस्तक लिहिलं. नुसतं प्रेम असून संसाराला पुरत नाही, हे त्याचं सूत्र. अल्बर्ट एलिस यांची विचारसरणीही याच्या जवळची. मराठीत ती डॉ. कि. मो. फडके यांच्या लेखनातून पोचली.

म्हणणं साधं आहे. घडलेली गोष्ट आणि आपला राग यांच्या मध्ये एक विचार असतो. तो इतका झटकन येतो, की आपल्याला तो खराच वाटतो. ‘मुद्दाम करतात’, ‘नेहमीचंच आहे’. समोरच्याच्या मनातलं आपण न विचारताच ठरवून टाकतो.

पुढच्या वेळी बाईंनी नवऱ्यालाही बोलावलं. आढेवेढे घेत तो आला. त्याच्या दुसऱ्या रकान्यात काय निघालं? ‘घरी गेलं की हिचं तोंड फुगलेलं. काही बोललो तर भांडण. गप्प बसलेलं बरं.’ दुकानाची उधारी अडकली होती, म्हणून तो महिनोन्‌महिने काळजीत होता. बायकोला कशाला घोर, म्हणून सांगितलं नव्हतं. तो गप्प म्हणून ही चिडलेली आणि ही चिडलेली म्हणून तो गप्प!

मग घरचा अभ्यास सुरू झाला. रोज दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवून बोलायचं. ‘तुम्ही कधीच’, ‘तू नेहमी’ हे शब्द टाळायचे. तक्रारीऐवजी नेमकं मागणं करायचं. ‘तुम्हाला माझी पर्वा नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘उशीर होणार असेल तर फोन करा’ असं सांगायचं. आणि दुसऱ्याने केलेली एक तरी चांगली गोष्ट रोज वहीत लिहायची.

जादू झाली नाही. मधे दोनदा भांडणं झाली, वही आठवडाभर कोपऱ्यात पडली. पण काही महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, “आता राग आला की आधी विचारते, काय झालं? निम्मी भांडणं तिथेच संपतात.”

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मारहाण, धमक्या, सततचा अपमान हा ‘विचारांचा गैरसमज’ नव्हे. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

नवरा यायला तयार नसेल तर? आपण एकटीनेही सुरुवात करता येते. आपल्या गावात समुपदेशक नसेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून बोलता येतं. फोनला पैसे पडत नाहीत.

आणि तोवर घरातली एखादी जुनी वही काढा, तीन रकाने आखा. तिसरा रकाना भरायला वेळ लागेल. लागू दे.