उमेदवार ठरवायचा कोणी?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, महाड या रायगडच्या पट्ट्यात नगरपालिकेच्या निवडणुका आल्या की एक सूर हमखास ऐकू येतो. नळाचे पाणी, गटार, कचरा यात पक्ष कशाला? सर्वांनी मिळून आधी चांगली माणसे निवडावीत आणि मग चिन्हाशिवाय मतदान घ्यावे. सुशिक्षितांना हे पटते. अमेरिकेचा दाखलाही दिला जातो. तिथे कॅलिफोर्नियात २०१२ पासून सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक निवडणुकीत उतरतात आणि पहिले दोघे अंतिम फेरीत जातात. मात्र न्यूयॉर्क शहराच्या मतदारांनी २००३ साली पक्षविरहित निवडणुकीचा प्रस्ताव नाकारला, हे सांगायला आपली मंडळी विसरतात.

प्रश्न रास्त आहे. आज उमेदवार कोण ठरवतो? मतदार नव्हे. मुंबईतल्या बंगल्यावर किंवा तालुक्याच्या पुढाऱ्याच्या ओटीवर तिकीट ठरते. थेट नगराध्यक्ष २००१ साली आला, मग गेला. २०१६ साली पुन्हा आला, २०२० साली रद्द झाला आणि २०२२ साली परत आणला गेला. इतक्या उलथापालथीत एक गोष्ट बदलली नाही. मत कोणी द्यायचे यावर विधानसभेत चर्चा झाल्या, पण उमेदवार कोणी ठरवायचा यावर कोणी बोलले नाही.

तरीही ‘पक्षविरहित’ या शब्दाला आम्ही भुलत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मग तिथे लोकशाही फुलली काय? पक्ष बाजूला झाला की त्याच्या जागी कोकणात गावकी बसते. गावकी बैठक घेते, नाव ठरवते आणि निवडणूक बिनविरोध करते. विरोधात अर्ज भरणाऱ्याला वाळीत टाकल्याच्या तक्रारी या जिल्ह्याला नव्या नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला आणि तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला, तो काही उगाच नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे तर सरपंचपदाचा लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडणुका रद्द केल्या. देवळासाठी वर्गणी म्हणून बोली लावायची आणि वर त्याला एकोपा म्हणायचे!

आम्ही वकिली करतो, म्हणून अशाच एका सर्वपक्षीय बैठकीला आम्हाला बोलावणे आले होते. विषय होता अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या प्रभागाचा. तिथे आमच्या वस्तीतला एक तरुण सर्वांनी पसंत केला. गुण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पोरगा गरीब आहे, ऐकण्यातला आहे.” वस्तीला विचारले का, असा प्रश्न आम्ही केला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. जागा आमची, माणूस आमचा, पण निवड त्यांची. हेच दुखणे आहे आणि ते आजचे नाही.

प्राथमिक निवडणूक ही अमेरिकेतून आणायची नवी वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार वाचावा. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार जणांचे पॅनल निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला निवडायचे, अशी ती पद्धत होती. मुदत दहा वर्षांची होती. पण मेख दुसऱ्या फेरीत होती. समाजाने पहिल्या क्रमांकावर ठेवलेला स्वाभिमानी माणूस सवर्ण मतांनी पडे आणि चौथ्या क्रमांकाचा ऐकण्यातला माणूस निवडून येई. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने हा अनुभव घेतला आणि त्याच वर्षी पुण्यात सत्याग्रह केला. बाबासाहेबांनी या पद्धतीवर का कोरडे ओढले, हे यावरून ध्यानात यावे. पुढे पहिली फेरी गेली आणि दुसरी तेवढी राहिली. पहिल्या फेरीची जागा पक्षाच्या हायकमांडने घेतली.

नगरपालिका कोणाच्या हाती आहे याने काय फरक पडतो, हे महाडइतके कोणाला ठाऊक? सुरेंद्रनाथ टिपणीसांच्या काळात, १९२४ साली, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव करणारे हात आपले नसतील तर दिलेला हक्क परत घ्यायला एक बैठक पुरते. पाण्यासाठी मग १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत लढावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे. उमेदवार मतदारांनी निवडावा, जरूर निवडावा. पण बैठकीत हात वर करून नव्हे, तर निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली गुप्त मतदानाने. राखीव प्रभागात पहिली फेरी त्या समाजाची असावी. तिथे निदान एक तृतीयांश मते न मिळवणारा पुढे जाऊ नये. कोणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांनीच पुढे जावे, म्हणजे चौथ्या क्रमांकाचे प्यादे उरणार नाही. आणि बिनविरोध निवड बंद व्हावी. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली काढला. पण मतदानच झाले नाही तर नोटाचे बटण दाबायचे कुठे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचे? प्रत्येक वस्तीने तिकीटवाटपाआधी बुद्धविहारात आपली प्राथमिक निवडणूक घ्यावी. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक चिठ्ठी, सर्वांसमोर मोजणी. हरलेल्याने जिंकलेल्याचे काम करावे. या निकालाला कायद्याचे बळ नाही, हे आम्ही वकील म्हणून आधीच सांगतो. कोणाला अर्ज भरण्यापासून रोखता येणार नाही आणि रोखूही नये. आपणही वाळीत टाकू लागलो तर गावकीत आणि आपल्यात फरक काय? बळ असेल ते नैतिक.

यात खरी अडचण बाहेरची नाही. एका वस्तीत रिपब्लिकन पक्षाचे चार गट आणि प्रत्येकाचा एक उमेदवार, हे चित्र आपणच रंगवले आहे. दुसऱ्याने आपला माणूस निवडला म्हणून चिडायचे आणि आपण मात्र निवडायला एकत्र बसायचे नाही, हे किती दिवस चालणार? ज्या विहारात आपण वंदनेला एका रांगेत बसतो, तिथे एक मतपेटी ठेवायला पैसा लागत नाही. गट विसरून तिच्यासमोर एका रांगेत उभे राहण्याची तयारी लागते. ती आहे का, हे प्रत्येक वस्तीने पुढच्या निवडणुकीआधी स्वतःला विचारावे.