कॅफीन

कॅफीन : कॉफीचे बी, चहाची पाने, कोकोचे व कोलाचे बी इत्यादींत नैसर्गिक रीत्या आढळणारे, कडू चवीचे व केंद्रीय तंत्रिका तंत्राला (मज्जासंस्थेला) उद्दीपित करणारे एक अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग). रासायनिक दृष्ट्या ते १, ३, ७–ट्रायमिथिल झँथीन असून त्याच्या रेणूत कार्बनाचे ८, हायड्रोजनाचे १०, नायट्रोजनाचे ४ व ऑक्सिजनाचे २ अणू असतात. रेणुभार १९४·१९. शुद्ध कॅफीन हे पांढरे, गंधहीन व रेशमासारख्या सुयांच्या रूपात स्फटिकणारे चूर्ण असून ते सु. २३५° से. ला वितळते, परंतु त्यापूर्वीच त्याचे संप्लवन (द्रवरूप न होता एकदम वायुरूप होण्याची क्रिया) होऊ लागते. थंड पाण्यात ते बेताचेच विरघळते, उकळत्या पाण्यात मात्र पुष्कळ विरघळते. चहा उकळून करण्याच्या आपल्याकडील पद्धतीत पानांतील बहुतेक कॅफीन पेयात उतरते, ते यामुळेच.

इतिहास : कॉफीच्या बियांतून कॅफीन प्रथम वेगळे केले ते फ्रीडलीप फेर्डिनांट रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी, १८१९ च्या सुमारास. रुंगे यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी की, बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्तारते हे त्यांनी महाकवी गटे यांना दाखविले. तेव्हा गटे यांनी प्रसन्न होऊन कॉफीच्या बियांची पुडी त्यांच्या हाती दिली आणि त्यांचेही पृथक्करण करण्यास सुचविले. फ्रान्समध्ये पेल्त्ये, काव्हांतू व रोबीके यांनाही १८२१ पर्यंत हेच संयुग स्वतंत्रपणे मिळाले होते. १८२७ मध्ये चहात सापडलेल्या संयुगास ‘थेइन’ असे निराळे नाव देण्यात आले होते. परंतु ते व कॅफीन एकच असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले. असे असूनही चहातील द्रव्य सौम्य व कॉफीतील उग्र असते, हा समज अद्याप गेलेला नाही. संयुग एकच असते. फरक असतो तो मात्रेचा व सोबतच्या इतर घटकांचा. एमील फिशर यांनी १८९५ मध्ये कॅफिनाचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने तयार करणे) केले व पुढे त्याची संरचना निश्चित केली. शर्करा व प्यूरीन गटातील संयुगांवरील कार्याबद्दल त्यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींतील आढळ : कॅफीन तयार करणाऱ्या वनस्पती एका कुलातील नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कॉफी कदंबाच्या कुलातील, चहा कॅमेलियाच्या, तर ब्राझीलमधील ग्वाराना ही वेल रिठ्याच्या कुलातील आहे. दक्षिण अमेरिकेत ज्याच्या पानांचे पेय सर्रास घेतात तो माते हा वृक्ष आणखी निराळ्या कुलातील. कॉफीच्या जीनांचा (आनुवंशिक लक्षणे निर्देशित करणाऱ्या घटकांचा) संपूर्ण आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅफीन घडविणारी एंझाइमे कॉफीत व चहात एकमेकांपासून स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावीत, असे त्यावरून दिसून आले.

वनस्पतीला या संयुगाचा उपयोग काय? कोवळी पाने व बिया या कीटकांच्या आवडीच्या भागांतच कॅफीन अधिक साठलेले असते व ते अनेक कीटकांना विषारी असते. गळलेल्या पानांतून व बियांतून ते जमिनीत उतरते आणि आसपासच्या इतर बियांच्या अंकुरणास अडथळा आणते. पण कॉफीच्या व लिंबू वर्गातील झाडांच्या फुलांच्या मधुरसातही ते अत्यल्प प्रमाणात असते. मधमाश्यांना कडू लागणार नाही इतक्या या मात्रेने त्यांची फुलाच्या गंधाची स्मृती अधिक काळ टिकते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. म्हणजे एकाच द्रव्याने वनस्पती शत्रूला दूर ठेवते व मित्राला पुन्हा बोलावते.

अरेबिका कॉफीच्या बियांत सु. १·२ टक्के, तर रोबस्टा जातीत सु. २·२ टक्के कॅफीन असते. चहाच्या वाळलेल्या पानांत ते साधारणतः २ ते ४ टक्के, म्हणजे वजनास वजन धरल्यास कॉफीहून जास्तच असते; तथापि एका कपाला चहाची भुकटी कॉफीहून बरीच कमी लागत असल्याने पेयात हे प्रमाण उलटे होते. कोकोच्या बियांत कॅफीन थोडे व त्याचेच भावंड असलेले थिओब्रोमीन पुष्कळ असते. भारतात चहा मुख्यत्वे आसाम, पश्चिम बंगाल व निलगिरीत, तर कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत होते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफीची अल्पशी लागवड आहे. दाक्षिणात्य कॉफीत मिसळण्यात येणाऱ्या चिकोरीच्या मुळांत कॅफीन मुळीच नसते.

आहारातील प्रमाण : गाळून केलेल्या मोठ्या कपभर कॉफीत सु. ८० ते १०० मिग्रॅ., तत्काळ विरघळणाऱ्या कॉफीत सु. ६० मिग्रॅ., कोला पेयाच्या ३३० मिलि. डब्यात ३० ते ३५ मिग्रॅ. व तथाकथित ऊर्जापेयाच्या २५० मिलि. डब्यात सु. ८० मिग्रॅ. कॅफीन असते. घरगुती चहाचा हिशेब सहज करता येतो. एका कपास सु. २ ग्रॅ. भुकटी घातली व तीत ३ टक्के कॅफीन असले, तर ते ६० मिग्रॅ. होते आणि पाच मिनिटे उकळल्यावर त्यातील बहुतेक कपात येते. दूध घातल्याने चव सौम्य होते, कॅफीन कमी होत नाही.

शोषण व चयापचय : पोटात गेलेले कॅफीन सु. पाऊण तासात जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. ते पाण्यात व स्निग्ध पदार्थांत अशा दोहोंत मिसळू शकत असल्याने सर्व ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) पसरते. रक्त व मेंदू यांमधील जो रोध अनेक औषधांना अडवितो, तोही त्याला अडवीत नाही. गर्भवेष्टनातून ते गर्भात व मातेच्या दुधातही उतरते. यकृतातील एका विशिष्ट एंझाइमामुळे त्याचे विघटन होऊन प्रामुख्याने पॅराझँथीन आणि थोड्या प्रमाणात थिओब्रोमीन व थिओफायलीन तयार होतात. मूत्रातून न बदलता बाहेर पडणारा अंश अगदी थोडा असतो.

रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास निरोगी प्रौढात सरासरी ५ तास लागतात. परंतु व्यक्तिव्यक्तींतील तफावत फार मोठी आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. संततिप्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तो सु. दुप्पट होतो, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत १५ तासांपर्यंत वाढतो आणि नवजात अर्भकात, यकृत अपक्व असल्याने, तीन-चार दिवसही होऊ शकतो. ज्याला रात्री जेवणानंतर कॉफी घेऊनही स्वस्थ झोप लागते व ज्याला दुपारच्या चहानेही जाग येते, अशा दोघांच्या वादात बहुधा दोघेही खरेच बोलत असतात.

क्रियेची पद्धत : कॅफीन शरीराला शक्ती देते, ही समजूत बरोबर नाही. चहात साखर व दूध नसेल, तर त्यापासून मिळणारी ऊर्जा नगण्य असते. कोशिका ऊर्जा वापरतात तेव्हा ॲडिनोसीन नावाचे संयुग तयार होते. जागेपणी मेंदूत ते हळूहळू साठते, तंत्रिका कोशिकांवरील ठराविक ग्राहींना (विशिष्ट रेणू स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) चिकटते व त्यांचे कार्य मंदावते. थकवा व झोपेची निकड निर्माण होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. कॅफिनाच्या रेणूची घडण ॲडिनोसिनाशी इतकी मिळतीजुळती असते की, ते त्याच ग्राहींत जाऊन बसते, मात्र त्यांना कार्यान्वित करीत नाही. कुलुपात भलतीच किल्ली अडकून खरी किल्ली बाहेर राहावी, तसे हे होते. ॲडिनोसीन साठतच राहते, त्याची सूचना तेवढी पोहोचत नाही. कॅफीन ओसरल्यावर ग्राही मोकळे होतात आणि तुंबलेला थकवा एकदम जाणवतो. फॉस्फोडायएस्टरेज या एंझाइमाच्या रोधामुळे कॅफिनाचा परिणाम होतो, असे पूर्वी मानीत. परंतु त्यासाठी रक्तात लागणारी मात्रा नेहमीच्या पेयपानाने कधीच गाठली जात नाही. मेंदूच्या ऊतकातील ॲडिनोसिनाच्या क्रियेस अशी संयुगे विरोध करतात, हे सॅटिन व रॉल यांनी १९७० मध्ये दाखविले आणि त्यानंतर आजचे मत दृढ होत गेले.

शरीरावरील परिणाम : साधारण मात्रेने सावधानता व लक्ष वाढते, प्रतिक्रियेस लागणारा वेळ कमी होतो व कंटाळवाणे काम अधिक काळ नेटाने करता येते. १९११ मध्ये अमेरिकेत कोका-कोला कंपनीवर पेयात कॅफीन घातल्याबद्दल खटला चालू असताना हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी याविषयी प्रयोग केले. कोणाच्या पुडीत कॅफीन आहे हे सेवन करणाऱ्यालाही व नोंद घेणाऱ्यालाही माहीत नसावे, अशी दक्षता त्यांनी घेतली होती. ती पद्धती पुढे औषधपरीक्षणात सर्वमान्य झाली.

रक्तदाब काही तास ५ ते १० मिमी. नी वाढतो, नियमित सेवन करणाऱ्यांत ही वाढ कमी असते. जठरातील अम्लस्राव वाढतो, म्हणून अम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना रिकाम्या पोटी चहा-कॉफी बाधते. श्वासनलिका थोड्या रुंदावतात. मूत्राचे प्रमाण वाढते, पण सवय असलेल्या माणसात ते इतके अल्प असते की, चहाने शरीरातील पाणी कमी होते असे म्हणता येत नाही. झोपेवरील परिणामाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. झोपण्यापूर्वी ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिग्रॅ. कॅफिनाने झोप तासाहून अधिक घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले.

सवय व तिचा त्याग : रोजच्या सेवनाने मेंदू ग्राहींची संख्या व संवेदनशीलता बदलून जुळवून घेतो. अशा माणसाने कॅफीन एकदम बंद केल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखणे, ग्लानी, चिडचिड व लक्ष न लागणे ही लक्षणे सुरू होतात आणि २ ते ९ दिवस टिकतात. मेंदूतील रक्तवाहिन्या कॅफिनाने आकुंचित झालेल्या असतात व ते नसताना विस्फारतात, हे डोकेदुखीचे कारण होय. उपवासाच्या दिवशी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या रोग्यास होणारी डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसून चुकलेल्या चहाची असते. सकाळच्या पहिल्या कपाने येणाऱ्या तरतरीचा बराचसा भागही रात्रभरात सुरू झालेल्या याच लक्षणांचे निवारण असतो. ज्यांना सवय सोडावयाची असेल त्यांनी मात्रा आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी.

सुरक्षित मर्यादा : निरोगी प्रौढास दिवसाला ४०० मिग्रॅ.पर्यंत व एका वेळी २०० मिग्रॅ.पर्यंत कॅफीन सहसा अपायकारक नाही, असे यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये ठरविले. गरोदर स्त्रियांसाठी ही दैनिक मर्यादा २०० मिग्रॅ. आहे. मुलांसाठी ती शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ३ मिग्रॅ. धरण्यात येते. या हिशेबाने १५ किग्रॅ. वजनाच्या बालकाची मर्यादा ४५ मिग्रॅ. म्हणजे कडक चहाच्या एका कपाहूनही कमी होते. चहा-पोळी किंवा चहा-बटर ही न्याहारी असंख्य घरांत लहान मुलांना रोज मिळते, हे ध्यानात घेता या आकड्याला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. येथे दुसरीही एक हानी होते व ती कॅफिनामुळे नसून चहातील टॅनीन वर्गाच्या द्रव्यांमुळे होते : ती पालेभाज्या, डाळी व धान्य यांतील लोह बांधून ठेवतात व ते रक्तात शोषले जात नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. तथापि जेवणाबरोबर किंवा लागलीच नंतर चहा न घेता तासभर थांबणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. लोहाच्या गोळ्याही चहाबरोबर घेऊ नयेत.

सु. १ ग्रॅ.हून अधिक कॅफीन एकदम पोटात गेल्यास कंप, वांती, हृदयाचे अनियमित ठोके व झटके संभवतात, सु. १० ग्रॅ. मात्रा प्रौढास प्राणघातक ठरते. पेयांतून इतके कॅफीन घेणे जवळजवळ अशक्य असते. धोका असतो तो शुद्ध चूर्णाचा व गोळ्यांचा. भारतात कॅफीनयुक्त पेयांत दर लिटरला ३०० मिग्रॅ.पेक्षा जास्त कॅफीन असू नये, असा नियम आहे.

उपयोग व उत्पादन : वेदनाशामक गोळ्यांत, विशेषतः डोकेदुखीवरील मिश्रणांत, कॅफीन घालतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा श्वास मधूनमधून थांबतो, त्यावर कॅफीन सायट्रेट हे उत्तम औषध ठरले आहे. त्याने फुप्फुसांचे दीर्घकालीन विकारही कमी होतात, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. खेळाडूंच्या मूत्रातील कॅफिनावर असलेली मर्यादा २००४ मध्ये उठविण्यात आली.

कॅफीन संश्लेषणाने, तसेच भारतात चहाच्या कारखान्यांतील टाकाऊ चुऱ्यापासून मिळवितात. कॅफीनरहित कॉफी तयार करताना ते उपपदार्थ म्हणूनही मिळते. या कॉफीचा उद्योग जर्मनीत लुडव्हिख रोझेलियुस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू केला. त्या वेळी बेंझीन हा विषारी विद्रावक वापरीत. आता पाणी, एथिल ॲसिटेट किंवा उच्च दाबाखालील कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात. अशा कॉफीच्या कपातही काही मिग्रॅ. कॅफीन उरतेच.