उन्हाळी टोमॅटो आणि उष्णता सोसणारे वाण

पिंपरी पेंढारच्या परिसरात फेब्रुवारी-मार्चमध्ये लागण केलेल्या टोमॅटोच्या बागा एप्रिलमध्ये फुलांनी भरून जातात. कल्याण-नगर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास ते दृश्य मोठे आशादायक वाटते. बागेचा धनी मात्र फुलाकडे पाहत नाही, तो देठावरच्या सांध्याकडे पाहतो. तो सांधा पिवळा पडला की फूल गळणार, हे त्याला ठाऊक असते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे याच बागांच्या तोड्यावर चालतात; कोणाची मालक म्हणून, कोणाची मजूर म्हणून. बांबू, तार, मल्चिंग, ठिबक यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. ‘सेटिंग’ झाले नाही, तर नारायणगावच्या बाजारात भाव कितीही चढो, क्रेटमध्ये भरायला माल नसतो.

हे का घडते? टोमॅटोच्या फुलात परागकोशांची एक पिवळी नळी असते व स्त्रीकेसराचे टोक त्या नळीच्या आत दडलेले असते. त्यामुळे परागीभवन बहुधा घरच्या घरीच होते. परागकण तयार होण्याचा सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्यापूर्वी सुमारे आठ-दहा दिवसांचा. त्या वेळी उष्णता वाढली, तर पराग वांझ निघतो. म्हणजे आजची फुलगळ ही गेल्या आठवड्यातील उन्हाची असते. गळ सुरू झाल्यावर फवारलेल्या टॉनिकाने तो पराग पुन्हा सजीव होत नाही. या बाबतीत दुकानदाराच्या शब्दापेक्षा फुलाची रचना अधिक विश्वसनीय आहे, असे आम्हांस वाटते. शिवाय उष्म्याने स्त्रीकेसर लांबून नळीबाहेर डोकावते, आणि मग जो काही चांगला पराग असेल तोही त्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही.

दोष केवळ दुपारच्या उन्हाचा नाही. दिवस-रात्रीची सरासरी २५ अंशांवरून २९ अंशांवर गेली, तरी फळांची व बियांची संख्या झपाट्याने घटते. रात्र थंड झाली, तर झाड दुपारचा ताप बराचसा सोसते. रात्रही उकाड्याची गेली की सोसत नाही. फळ धरले तरी ३० अंशांपलीकडे त्याचा लाल रंग नीट भरत नाही व माल पिवळसर राहतो.

उष्णता सोसणारे वाण घडविण्याचा मोठा प्रयत्न तैवानमध्ये झाला. तेथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्राने जगभरातून गोळा केलेले चार हजारांहून अधिक नमुने कडक उष्म्यात तपासले. त्यांतील एक टक्क्याहूनही कमी टिकाव धरणारे निघाले. तेही बहुतेक लहान फळांचे! येथेच पैदासकाराची खरी अडचण आहे. उष्णता सोसण्याचा गुण एका जनुकात नसून अनेकांत विखुरलेला असतो आणि लहान फळाशी त्याची जणू गाठ बांधलेली असते. म्हणून मोठ्या फळाच्या वाणाशी संकर करावा लागतो. कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने परागकोश काढून टाकायचे व दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. पुढे सहा-सात पिढ्या भर उन्हाळ्यातच वाढवून निवड करायची. हिवाळ्यात निवडलेले झाड या कामी निरुपयोगी ठरते. हेच चिमट्याचे काम जालना व देऊळगाव राजा परिसरातील महिला संकरित बियाण्यांच्या प्लॉटवर हजारो फुलांवर करतात. आपल्या हाती येणारे महागडे पाकीट अशा बोटांतून उतरलेले असते.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा हायब्रीड-१’ हा रात्रीचे तापमान २८ अंशांपर्यंत असतानाही फळ धरणारा म्हणून प्रसारित झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ हे वाण आपल्या शेतकऱ्यांस परिचित आहेत. त्यांची ख्याती मात्र उष्णतेसाठी नव्हे, उत्पादनासाठी व फळासाठी आहे.

तथापि केवळ उष्णता सोसणे पुरेसे नाही. कोरड्या उन्हाळ्यात पांढरी माशी व फुलकिडे वाढतात आणि विषाणू पसरवितात. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले भागांत फळांवर रंगाचे पट्टे पडून, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘तिरंगा’ होऊन, कित्येक बागा उपटाव्या लागल्या. म्हणून उष्णतासहनशील आई-बापांत पर्णगुच्छ विषाणूला दाद न देणारी जनुके आणण्याचे काम सोबतच चालते. ही जनुके टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांकडून मिळालेली आहेत.

पालकांनी नवे वाण घेताना सारी बाग त्यावर लावू नये. दोन-चार ओळी लावाव्यात, मे महिन्यात दहा झाडांची प्रत्येकी पाच फुले भिंगाखाली पाहावीत. स्त्रीकेसर नळीबाहेर आले आहे का आणि पंधरवड्याने त्याच झुपक्यांत किती फळे धरली, एवढे वहीत मांडावे. हे काम आठवी-नववीचा विद्यार्थीही सुट्टीत घरी सहज करू शकतो. संकरित वाणाच्या फळातले बी मात्र पुढच्या वर्षासाठी राखू नये. त्याच्या रोपांत आई-बापांचे गुण विस्कटतात आणि उष्णता सोसणारे झाड ओळीत एखादेच उरते.