मिशनच्या वेळापत्रकातला कोरा दिवस

दोन-तीन आठवड्यांसाठी टांझानियातल्या कॅथलिक मिशनवर कामाला येणाऱ्या परदेशी गटांच्या वेळापत्रकात दवाखाना, शाळेची रंगरंगोटी आणि वस्तीभेटी यांच्या मधोमध बहुधा एक दिवस कोरा सोडलेला असतो. नवख्यांना तो खटकतो. पदरचे पैसे घालून, हिवतापाच्या गोळ्या गिळत इतक्या लांब आलो ते काय हिंडायला? अशा वेळी सोबतच्या फादरांना मार्कचं शुभवर्तमान हमखास आठवतं. थकून परतलेल्या शिष्यांना येशूनं एकांतात जाऊन जरा विसावा घ्यायला सांगितलं होतं, असं त्यात आहे.

गंमत म्हणजे हा दिवस सहसा रविवार नसतो. खेड्यापाड्यातल्या मिशनवर रविवार हाच सगळ्यांत दमवणारा वार. एका धर्मग्रामाच्या पोटात दूरदूरच्या वस्त्यांवरची अनेक उपकेंद्रं असतात; स्वाहिलीत त्यांना ‘विगांगो’ म्हणतात. फादर लाल मातीच्या रस्त्यांवरून एकामागून एक वस्ती गाठतात आणि जिथं पोचत नाहीत तिथं गावातलाच कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) प्रार्थना चालवतो. मिस्सा दोन तास तरी सहज चालते. गायकवृंद नुसता गात नाही, डोलतोही. अर्पणाच्या वेळी पैशांबरोबर मका, केळी, कधी जिवंत कोंबडीसुद्धा वेदीपाशी येते. एवढं झाल्यावर विसावा सोमवारावरच जायचा.

त्या दिवशी काही जण मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती बघायला जातात. दार-एस-सलामच्या आसपास काम करणाऱ्यांना मात्र बागामोयो सोयीचं पडतं. तिथलं बंदर आता नावापुरतंच. दार-एस-सलामपासून उत्तरेला साधारण सत्तर किलोमीटरवर असलेलं हे समुद्रकाठचं गाव एकेकाळी टांगानिका सरोवराकडून येणाऱ्या तांड्यांचा शेवटचा मुक्काम होतं. हस्तिदंत इथं यायचं आणि गुलामही.

होली घोस्ट संघाच्या फ्रेंच फादरांनी १८६८ मध्ये इथं मिशन उभारलं. झांझिबारच्या बाजारातून सोडवून आणलेल्या मुलांना ते इथं ठेवत, शेती आणि कारागिरी शिकवत, पुढं त्यांची लग्नं लावून वस्ती वसवत. ही कहाणी गोड करून सांगायचा मोह टाळायला हवा. घंटेच्या ठोक्यावर चालणारी शिस्त कडक होती आणि ती न सोसून पळून जाणारेही होते. तरीही पूर्व आफ्रिकेतली कॅथलिक ख्रिस्तसभा ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली त्यांच्यात ही सोडवलेली माणसं आहेत. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. दफनभूमीत नावं वाचायला मिळतात ती युरोपातून येऊन तापानं ऐन तारुण्यात गेलेल्या मिशनऱ्यांची. सिस्टरांच्या जुन्या घरात आता संग्रहालय आहे. बाहेर एक अवाढव्य गोरखचिंच उभी आहे. तिला कधीतरी गाढव बांधायला साखळी गुंडाळली होती आणि झाडानं ती गिळली, असं मार्गदर्शक सांगतो. खोडातून डोकावणारा साखळीचा तुकडा बोटानं चाचपल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

मराठी वाचकानं थांबावं ते जुन्या चर्चच्या मनोऱ्यापाशी. आफ्रिकेत हिंडणारा मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला. त्याच्या सोबत्यांनी काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवत फेब्रुवारी १८७४ मध्ये तो बागामोयोला आणला. लिव्हिंग्स्टन प्रॉटेस्टंट, मिशन कॅथलिक. पण मृतदेह ठेवायला जागा मिळाली ती इथंच. तो आणणाऱ्यांत चुमा आणि सुसी होते, तसाच जेकब वेनराइट होता. गुलामीतून सुटलेला हा आफ्रिकी तरुण शिकला होता नाशिकला, शरणपूरच्या अँग्लिकन मिशनच्या शाळेत! काळीज पुरताना प्रार्थना त्यानंच वाचली, त्या झाडावर मजकूर त्यानंच कोरला आणि पुढं शवपेटीबरोबर तो थेट लंडनला गेला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुपारी गट किनाऱ्यावर पांगतो. तळलेले मासे, कोळशावर भाजलेला म्हाकूळ, लिंबू, मीठ. अंधारात त्या रस्त्यांवर गाडी चालवायला नको, म्हणून परतीची घाई सुरू होते आणि गटाच्या यादीत नसलेल्या एका माणसाकडे लक्ष जातं: चालकाकडे. पाहुण्यांच्या सुट्टीचा दिवस हा त्याच्या लांबलचक दिवसांपैकी एक. मिशनच्या स्वयंपाकघरातल्या बायकांचंही तेच. पहाटेचे डबे कुणीतरी भरलेलेच असतात. त्या दिवशी सगळ्यांनी बाहेर जेवायचं आणि चालकाला आपल्याच टेबलावर बसवायचं, एवढं ठरवायला फार खर्च येत नाही.