तापातले जस्त, जुलाबातले जस्त

"डाक्टरसाहेब, झिंक कमी निंगालं, गोळ्या लिहून द्या ना!" परवा एका गृहस्थांनी रिपोर्ट पुढे केला. रक्त दिले होते भर तापात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात करोना उसळून टाळेबंदी लागली, त्या काळात घराघरांत शिरलेली ही गोळी अजून मुक्कामाला आहे.

जस्त, म्हणजेच झिंक, शरीराला लागते यात वाद नाही. अंगात ते जेमतेम दोन ग्रॅम. पण छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, तिथे तयार होणाऱ्या, विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे त्यावाचून अडते. माणसात जस्ताची उणीव होते हे १९६० च्या दशकात पुढे आणले ते मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी, इराणमधल्या वाढ खुंटलेल्या तरुणांना तपासून.

मग रिपोर्टचे काय? संसर्ग झाला की शरीर स्वतःच रक्तातले जस्त यकृताकडे ओढून घेते. लोहाचेही तसेच, ते साठ्यात दडवले जाते. दुखणे ओसरले की पातळी पुन्हा वर येते. तेव्हा भर तापातल्या रक्तावरून उणीव ठरवणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ करोनाबाधितांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवस झिंक घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा काही विशेष लवकर आराम पडला नाही. उलट मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने झिंक घेतल्यास तांबे शोषले जात नाही. रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात. शेतात झिंक सल्फेट मोजून टाकणारी माणसे गोळ्या मात्र मोजत नाहीत!

रोजच्या जेवणात हरभरा, तीळ, शेंगदाणे, अंडी, चालत असेल तर मटण असावे. ज्वारी आणि डाळींतले फायटिक आम्ल जस्त अडवून धरते. कडधान्याला मोड आणले किंवा ज्वारीची आंबील केली की ते कमी होते. आपल्या आज्या हे करीतच होत्या.

गोळीचा खरा उपयोग लहान मुलांच्या जुलाबात आहे. हे जुलाबही पुष्कळदा रोटासारख्या विषाणूंमुळेच होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये क्षारसंजीवनीबरोबर झिंक देण्याची शिफारस केली. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला डॉक्टरांना विचारून १०. आपल्याकडे ती १४ दिवस देतात. जुलाब लवकर आटोपतात, पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याचा संभवही घटतो. पण तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागले की बहुतेक आया गोळी बंद करतात. मेळघाटातली असो की बडनेऱ्यातली, प्रत्येक आईला मी सांगतो: बाई, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे कर. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात गोळी विरघळवून पाज. बाळ सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीतून रक्त पडले, तर मात्र घरी न थांबता लगेच दवाखाना गाठ.