क्रियापदाचा ‘एस’ अनेकवचनाचा नाही

इंग्रजीचं व्याकरण मराठीपेक्षा किचकट, असं पालकांपासून शिक्षकांपर्यंत पुष्कळजण मानतात. वर्तमानकाळातल्या क्रियापदांपुरतं तरी हे खरं नाही. ‘शिकवणे’ हे एकच क्रियापद घ्या. मी शिकवतो किंवा शिकवते, तू शिकवतोस किंवा शिकवतेस, तुम्ही शिकवता, ती शिकवते, ते शिकवतात. मराठी घरातलं मूल ही सगळी रूपं शाळेत जाण्याआधीच सहज बोलतं. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात रूपं दोनच: ‘टीच’ आणि ‘टीचेस’. पुरुष असो वा बाई, ‘टीचेस’च. अपवाद म्हणावा तर ‘ॲम, इज, आर’ या तिघांचा.

तरी मुलं अडखळतात, आणि त्यामागे कारण असतं. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन, हे ती आधी शिकलेली असतात. मग क्रियापदाचा ‘एस’ही अनेकवचनाचाच, असं धरून ‘द टीचर टीच’ आणि ‘द टीचर्स टीचेस’ अशी नेमकी उलटी वाक्यं वहीत उतरतात. खरं तर हे दोन ‘एस’ वेगळ्या घराण्यांतले आहेत. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘टीचेस’च्या जागी ‘टीचेथ’ असं रूप आहे. क्रियापदाचा ‘एस’ उत्तर इंग्लंडच्या बोलींतून आला आणि पुढे प्रमाण भाषेत स्थिरावला. तो लागतो फक्त तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला.

दुसरी चूक आपल्या संस्कारातून येते, आणि तिच्याबद्दल वर्गात फारसं बोललं जात नाही. ‘सर शिकवतात’, ‘बाबा येतात’ असं आपण आदराने म्हणतो. व्यक्ती एक, क्रियापद अनेकवचनी. तोच आदर मूल इंग्रजीत नेतं आणि ‘सर टीच मॅथ्स’ लिहितं. इंग्रजी क्रियापदात आदरार्थी बहुवचन नाही. वडील असोत की राष्ट्रपती, व्यक्ती एक असेल तर ‘टीचेस’, ‘कम्स’. अशा वाक्यावर नुसती लाल फुली मारण्यापेक्षा हा फरक दोन मिनिटांत सांगितला, तर मुलाला तो कायमचा कळतो.

प्रश्नात आणि नकारात ‘एस’ दोनदा लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. ‘डझ सर टीचेस?’ असं होत नाही. ‘डू’ने तो ‘एस’ आधीच घेऊन ‘डझ’ हे रूप धारण केलेलं असतं, म्हणून मूळ क्रियापद मोकळं राहतं: ‘डझ सर टीच?’, ‘सर डझंट टीच’. जवळच्या नामाला भुलणंही असंच. ‘वन ऑफ द टीचर्स’ या कर्त्यात मुख्य शब्द ‘वन’ आहे, म्हणून पुढे ‘टीचेस’ येतं. ‘एव्हरीबडी’ म्हणजे सगळे असले तरी क्रियापद एकवचनीच: ‘एव्हरीबडी नोज’.

आता काळाकडे. ‘प्रेझेंट’ म्हणजे या क्षणी चाललेलं, हा समज साध्या वर्तमानकाळाला लागू पडत नाही. ‘सर टीचेस मॅथ्स’ हे सर घरी झोपलेले असतानाही खरं असतं, कारण ते त्यांचं नेहमीचं काम आहे. आत्ता तास चालू असेल तर ‘सर इज टीचिंग’. हा भेद मराठीतही आहे: शिकवतात आणि शिकवतायत. मात्र ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’ म्हणायला जाऊ नये. जाणणं, आवडणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, म्हणून ‘आय नो’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

मराठी आणि इंग्रजीची खरी फारकत होते ती ‘पासून’पाशी. ‘सर पाच वर्षांपासून शिकवतायत’ यासाठी मराठीला चालू काळ पुरतो, म्हणून आपण ‘सर इज टीचिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन आजही चालणाऱ्या गोष्टीला ‘सर हॅज बीन टीचिंग’ लागतं. कालावधी सांगायचा तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स 2019’. याच ‘हॅज’चा आणखी एक नियम आहे. ‘सरांनी काल शिकवलंय’ हे मराठीत चालतं, पण ‘येस्टरडे’ आलं की इंग्रजीत ‘हॅज’ गळतं आणि साधा भूतकाळ येतो: ‘सर टॉट अस येस्टरडे’.