सभागृहातलं मत, घरातलं ताट

अधिवेशन म्हटलं की टीव्हीवरचा गोंधळ आणि सभात्याग आठवतो. पण पोरांच्या जेवणाचे, शाळेचे आणि आईबापांच्या मजुरीचे बरेच निर्णय गोंधळ थांबल्यावर, रिकाम्या बाकांसमोर होतात. त्यांच्याविषयीचे हे काही गैरसमज.

गैरसमज १ : कोणीही निवडून आलं तरी गरिबाच्या घरात काही फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा केला आणि रेशनचं धान्य हक्काचं झालं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घरात २५ किलो. अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. अंगणवाडीतला आहार आणि शाळेतली खिचडीही याच कायद्यात आली. पण लाभार्थी किती, हे त्याच कायद्याने जनगणनेला बांधून ठेवलं. २०२१ ची जनगणना वेळेत झाली नाही, त्यामुळे हिशेब २०११ च्या आकड्यांवरच अडकला. नव्या सुनेचं किंवा बाळाचं नाव कार्डात घालायला गेलेल्या माणसाला पुरवठा कार्यालयात ‘इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थीसंख्या) शिल्लक नाही’ असं ऐकावं लागतं, त्याचं मूळ तिथे आहे.

गैरसमज २ : कोणत्या सदस्याने काय मत दिलं, याची नोंद असतेच.

वस्तुस्थिती : बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा आवाज मोठा, की विधेयक संमत. अन्नसुरक्षा विधेयकही लोकसभेत २६ ऑगस्ट २०१३ रोजी असंच मंजूर झालं. एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच नावानिशी नोंद राहते.

गैरसमज ३ : आपला आमदार भला माणूस आहे, तो गरिबांच्या बाजूनेच मत देईल.

वस्तुस्थिती : १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मत बहुधा पक्षाचं असतं. आमदाराच्या हातात उरतात ते तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचना. त्याचा कस तिथे लागतो.

गैरसमज ४ : कायदा महत्त्वाचा, अर्थसंकल्पावरचं मतदान ही नुसती औपचारिकता.

वस्तुस्थिती : पैशाची सोय नसेल तर हक्क कागदावरच राहतो. याचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिलं. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने हमीचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही व्यवसाय कराची ही कपात दिसते. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीची तजवीज अशी कायद्याआधीच झाली होती. आज अंगणवाडीचा पैसा महिला व बालविकास खात्याच्या अर्थसंकल्पातल्या मागण्यांतून येतो. चर्चेची वेळ संपली, की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात.

गैरसमज ५ : एकदा कायदा झाला, की मतदानाशिवाय तो बदलत नाही.

वस्तुस्थिती : कायद्याला हात न लावता नियम बदलता येतात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. सभागृहात मतदान न होता हजारो मुलांची वाट बंद होणार होती. पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली.

अठरा वर्षांखालच्यांना मत नाही, म्हणून त्यांच्या वतीने विचारणं मोठ्यांवर येतं. मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला ‘गरिबांसाठी काय करणार?’ असं मोघम विचारलं, तर उत्तरही मोघमच मिळतं. मागच्या अधिवेशनात अंगणवाडीच्या मागण्यांवर तुम्ही बोललात का, इष्टांकाचा प्रश्न मांडलात का, असं नेमकं विचारावं. सभागृहाचं कामकाज छापील असतं. त्याचं उत्तर ताडून पाहता येतं.